नसराला मी पडद्याआड लपवलं

घोटाळे मी आयुष्यात पुष्कळ केले हो, पण जिवंत माणूस पडद्याआड लपवायचा घोटाळा एकच! तो सांगतो. हसा खुशाल. आमची बायको अजून हसतेय.

मी मस्कतच्या वादी कबीर भागात पडदे-सोफ्याच्या वर्कशॉपमध्ये कटिंग मास्टर. गाव राजापूरकडचं, पण इथे वीस वर्षं झाली. आमच्याकडे ऑर्डरी घ्यायला नसरा नावाची ओमानी बाई लागली. पस्तिशीची, दोन्ही पायांनी अधू, चाकाच्या खुर्चीवरून येते. खुर्ची हाताने ढकलायची, त्यामुळे रोज भाऊ सोडायला येणार. तो आला नाही की नसरा घरीच. बलुची घरातली, हिंदी माझ्यापेक्षा बरी. आणि कामाला तिखट! मापात चूक झाली की मला, वीस वर्षांच्या मास्टरला, सगळ्यांदेखत झापते.

एकदा जेवताना ती सहज म्हणाली, तिला सरकारकडून अपंगत्वाचा भत्ता मिळतो. मी हातातला घास परत डब्यात ठेवला. भत्ता घेते आणि नोकरीही करते? कुणी बघितलं तर?

आता मी एवढा का घाबरलो, ते ऐका. गावी माझी धाकटी बहीण शोभा. लहानपणी पोलिओत तिचा डावा पाय गेला. तिला निराधारची पेन्शन आहे. दोन वर्षांपूर्वी तिने ब्लाउज शिवायला घेतले, आणि इकडे दार्सैतच्या देवळात प्रसाद घेताना एक जण मला म्हणाला, "कमावताना दिसली ना, की पेन्शन बंद! वर चौकशी."

झालं! चप्पल पायात अडकवायच्या आधी मी फोन लावला. "शोभे, मशीन बंद. चादर टाक त्याच्यावर."

ती म्हणाली, "बरं, दादा."

तिचं ते 'बरं' मला लागलं होतं, खोटं कशाला बोलू? पण मोठा भाऊ ना मी! तिचं भलं माझ्याशिवाय कुणाला कळणार?

पुढे फोनवर मागे सारखी खडखड ऐकू यायची. "कसला गं आवाज?" "पंखा रे. जुना झालाय." बिचारी! मी सुट्टीवर जाताना रुवीच्या बाजारातून चांगला टेबलफॅन घेतला. एअरपोर्टवर वजन जास्त भरलं, तर स्वतःचे कपडे काढून ठेवले, पण पंखा नेला! घरी बघतो तर मशीनवर चादर घातलेली. म्हटलं, शहाणी माझी बहीण.

तर एका सकाळी वर्कशॉपच्या काचेतून मला दिसले, पायघोळ पांढरा दिशदाशा घातलेले एक साहेब आणि सोबत एक बाई. हातात फाइल, गळ्यात ओळखपत्र. चौकशी! दुसरं काय असणार?

मी धावत जाऊन नसराची खुर्ची धरली आणि सॅम्पलच्या पडद्यांमागे ढकलली.

"मास्टर, पागल हो गया क्या?"

"हाँ. चुप!"

साहेबांना हिंदी येत होती, म्हणजे पळायला वाटच नाही. त्यांनी विचारलं, "नसरा इधर काम करती है?"

"कौन नसरा?"

"ये टेबल किसका है?"

टेबल तिच्या खुर्चीच्या मापाने बुटकं केलेलं. मी म्हटलं, "मेरा."

"इतना नीचा?"

"मैं भी नीचा है, साहब." आणि बसून दाखवायला गेलो. पण नसरा आपली खुर्ची घेऊनच येते, त्या टेबलाला खुर्चीच नाही! बसलो मग उकिडवा. टेबलावर नुसतं माझं डोकं दिसत असणार. बाईंनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. घाईत उचलताना स्पीकर चालू झाला. पलीकडे गिऱ्हाईक बाई अरबीत भराभर मापं सांगायला लागली. वीस वर्षांत मी अरबी शिकलो किती? यल्ला, खलास, इन्शाल्ला! मी आपला "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणत लिहिलं आणि ठोकून दिलं, "तीन मीटर, ओके!"

"तीन नहीं, मास्टर! साढ़े तीन! और अस्तर का पूछा?" पडदा बोलला.

साहेबांनी पडदा बाजूला केला. "ये कौन?"

"मेहमान!" माझ्या तोंडून निघून गेलं.

नसरा बाहेर आली. आधी फोन ओढून ऑर्डर पुरी केली, अस्तरासकट. मग त्या दोघांशी अरबीत बोलली. मग माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं हो.

कामावर जाणाऱ्यांना बॅटरीची खुर्ची देतात म्हणे. तिने अर्ज केला होता, कित्येक महिने वाट बघत होती. ती खरंच काम करते ना, एवढंच बघायला ही माणसं आली होती. आणि बाईंनी फाइलमध्ये लिहिलं होतं, 'इथे काम करत नाही.'

"और भत्ता?" मी चाचरत विचारलं.

"नौकरी लेने से पहले ही ऑफिस में पूछा मैंने. सबको मालूम है, मास्टर. तेरे को छोड़ के."

मी कान धरले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. शोभाची सगळी गोष्ट सांगून टाकली. बाईंना साहेब अरबीत समजावत होते. मग साहेबांनी विचारलं, "तुमने उधर ऑफिस में पूछा था?"

"नहीं."

"फिर किसने बोला?"

आता काय सांगणार? देवळातल्या प्रसादाच्या रांगेने?

बाईंनी ती ओळ खोडली आणि नवी लिहिली. नसराने डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि तिला एकदम हसू फुटलं. "घर फोन कर, मास्टर. अभी."

केला. तिथेच, पडद्यांत उभा राहून. "शोभे, चुकलो गं मी. दोन वर्षं तुझे हात बांधून ठेवले. उद्याच तहसीलला जा, किती कमावलं तर चालतं ते विचार."

पलीकडची खडखड थांबली.

"दादा, ते मी तेव्हाच विचारलंय. लिहूनही दिलंय. एवढ्याशा शिवणाने पेन्शन जात नाही म्हणाले."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकतोस कुणाचं? ओमानात राहून उंटावरचा शहाणा झालायस नुसता! अरे, पाय चालत नाही माझा, तोंड चालतं की."

"म्हणजे तो आवाज..."

"मशीनचा."

मला रडू येत होतं आणि हसूही. म्हटलं, "आणि मी एवढा वाहून आणलेला पंखा गं?"

"मस्त आहे रे दादा! मशीनवर बसलं की काय छान वारा लागतो!"