आईची उडी

कर्जतला भिसेगावात राहायला येण्यापूर्वी आम्ही मोहोपाड्याला कंपनीच्या कॉलनीत होतो. तिथला आमचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम गेल्या महिन्यात माळ्यावर सापडला आणि मी कामाला लागले. नव्या टीव्हीला त्याची पिवळी वायर लावायला जागाच नाही. मग जुनं चित्र नव्या टीव्हीला समजेल असं करून देणारा एक डबा मागवला. डब्यात सेटिंगं ढीगभर, टीव्हीत त्याहून जास्त. चित्र चौकोनी केलं, जुन्या टीव्हीसारख्या बारीक आडव्या रेघा आणल्या, टीव्हीतली चित्र सुंदर करणारी झाडून सगळी बटणं चालू केली. आकाशाचा निळा मनासारखा होईना म्हणून एक अख्खा रविवार घालवला. मला एकदा खूळ लागलं की लागलं.

हे सगळं आईसाठी. उड्या मारत जायच्या खेळात कॉलनीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण आता ती पहिल्याच खड्ड्यात पडायची. पुन्हा खेळायची, पुन्हा पडायची.

"चित्र झ्याक लावलंस गं, पण माझेच हात गेले," ती म्हणाली.

"वय झालं की होतं गं थोडं," मी प्रेमानंच म्हटलं, आणि परत निळ्याकडे वळले.

आई घरी ब्लाऊज शिवते. त्या आठवड्यात तिने शेजारच्या काकूंचं कापड न शिवताच परत केलं. "बोटांचा भरवसा नाय राहिला, उगाच कापड वाया जायचं," म्हणाली. मशीनवर कव्हर घातलं. मला वाईट वाटलं. तरी मी टीव्हीच बघत होते.

आमच्या घरात गेम कायम मुका. कॉलनीत बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, त्यामुळे आवाज बंद ठेवूनच खेळायचं, हा नियम. त्या खेळाला संगीत आहे हे मला शाळेत मैत्रिणीकडून कळलं होतं. आताही गेमची आवाजाची पांढरी वायर बाबांच्या भजनाच्या स्पीकरला जोडली होती, आवाज मात्र शून्यावर. बाबा दुपारी आत पडलेले असतात ना.

एका दुपारी तेच उठून बाहेर आले. "मुक्यानं काय खेळताय? मी रिटायर झालोय, हाय का ध्यानात?" म्हणत त्यांनी स्पीकरचं बटण पिळलं.

आईने उडीचं बटण दाबलं. टुंई झालं. मग पडद्यावरचा माणूस उडाला.

ती थांबली. त्या माणसाला जागेवरच उभं ठेवून तिने चार वेळा बटण दाबलं. "आवाज येळेवर येतोय गं. ह्यो मेला मागनं उडतोय."

आवाज गेममधून थेट स्पीकरला जात होता. चित्र सुंदर करायला टीव्हीला वेळ लागत होता. आई बोट बरोब्बर वेळेवर दाबत होती आणि माझी सजावट तिला खड्ड्यात ढकलत होती. मी टीव्हीतली ती सगळी बटणं बंद केली, चित्र न सजवता लगेच दाखवणारा गेम मोड लावला. चित्र खरबरीत झालं, आकाश पार विटलं. आईने खड्डा ओलांडला. मग दुसरा, मग पूल. बाबा टाळ्या वाजवायला लागले.

मला मात्र हसता येईना. निळ्याची छटा जराशी चुकली तर मी दिवस घालवत होते. आई म्हणाली माझे हात गेले, तर ते खरं आहे का एवढंसुद्धा मी तपासलं नव्हतं. तिला मी तसं सांगितलं, डोळे पुसतच.

तिने पडद्यावरची नजर हलवली नाही. "तुझंच काय घेऊन बसलीस," ती म्हणाली, "मीपण लगेच मानलंच की गं."