आजारी नसलेला पायलट

माझा धाकटा भाऊ संभाजी विमान चालवायचा. आमच्या वाघोलीच्या भावकीतला पहिला पायलट, पण मिरवणं त्याला जमलं नाही. कोथरूडच्या सोसायटीत निम्म्या लोकांना तो विमानतळावर क्लार्क आहे असंच वाटायचं. त्यानं ते कधी दुरुस्त केलं नाही.

आजारपणाचं खोटं सांगायचं नाही, हा आमच्या आईचा नियम. सांगितलं की ते खरं होऊन घरात येतं, असं ती मानायची. शाळा बुडवायला संभाजीनं एकदा 'वडील आजारी आहेत' असं सांगितलं आणि त्याच महिन्यात वडील टायफॉईडनं पडले. ते बरे झाले, पण संभाजीनं धसका घेतला तो कायमचा.

दोन हजार आठच्या मंदीनंतर त्याच्या कंपनीची विमानं अर्धी रिकामी उडायला लागली. पगार कापले. पायलटांनी संघटना काढली, तर काढणाऱ्या दोघांना कंपनीनं घरी बसवलं. नोटीस न देता संप केला तर बेकायदा. म्हणून सगळ्यांनी ठरवलं, एकाच दिवशी आजारी पडायचं.

आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला. "ताई, उद्या मला ताप येणार आहे."

"काहीतरी बोलू नकोस, घरात लेकरं आहेत," मी म्हटलं. "जायचं नसेल तर जाऊ नकोस. पण आजारी आहे म्हणू नकोस."

एवढंच मी बोलले.

सकाळी कंपनीचा फोन आला. काय होतंय, असं विचारलं. त्याची बायको प्रेमला समोरच होती. हा म्हणाला, "मला काही झालेलं नाही. त्या दोघांना परत घ्या, मग येतो."

पाचव्या दिवशी तडजोड झाली. ते दोघेही परत आले. कागदावर लिहिलं होतं, आजारपणाच्या रजेवरच्या सर्वांना रुजू करून घ्यावं. संभाजी रजेवर नव्हताच. संपावर होता तो एकटा. त्याला काढलं.

संघटनेचे हिंदुराव घरी आले. "अहो, शेकडो माणसं आजारी पडली, तुम्हाला साधी सर्दी जमली नाही? उद्या दुपारपर्यंत डॉक्टरचा दाखला द्या. मी साहेबांना गळ घालतो."

ओळखीच्या डॉक्टरांकडून मीच दाखला आणला. त्यावर रजा घेणाऱ्याचीही सही लागायची. ज्या तोंडानं नको म्हटलं होतं, त्याच तोंडानं सही कर म्हणाले.

त्यानं वाचलं. "चक्कर? चक्कर येणाऱ्याच्या हातात विमान कोण देईल, ताई?"

मी परत गेले आणि जुलाब लिहून आणले. प्रेमला पेन घेऊन उभी राहिली. त्यानं सही केली.

दुसऱ्या दिवशी तो कंपनीत गेला आणि दोन तासांत परत आला.

"काय म्हणाले?"

"फोन रेकॉर्ड होतो त्यांच्याकडे. माझाच आवाज मला ऐकवला. मग दाखला पुढे ठेवला आणि विचारलं, यातलं खरं कोणतं."

"तू काय सांगितलंस?"

"फोनवरचं."

खोटा दाखला त्याच्या फाइलला लागला. दुसरी कंपनी चौकशी करते तेव्हा आधी तोच निघतो. दोन ठिकाणांहून नकार आला, तिसरीकडे त्यानं अर्जच केला नाही. दिवसभर खिडकीशी बसून असतो.

मी रोज देवापुढे बसते. आधी त्याची नोकरी मागायचे. हल्ली हात जोडते, काय मागावं ते सुचत नाही, आणि तशीच उठते.