माय म्हणाली, जीव घाबरस

"अटॅक येऊन आठ दिवस झालेत. इतके दिवस करत काय होतात?" जळगावच्या डॉक्टरांनी आईचा इको पाहून विचारलं. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयाचा एक भाग निकामी झाला होता.

काय करत होते? शुद्ध बोलत होते! मी धुळ्याच्या शाळेत मराठी शिकवते.

त्याच्या आठ दिवस आधी मायला दोंडाईच्याजवळच्या आमच्या खेड्यातून धुळ्याला आणलं. दरदरून घाम, चेहरा पांढराफटक. दवाखान्यात आमच्या आधी एक रिटायर्ड साहेब होते. डॉक्टर त्यांना म्हणाले, "या काका, बसा." त्यांच्याहून मोठ्या असलेल्या माझ्या मायला "ए आजी, काय होतंय तुला?" खुर्ची रिकामी होती. तिला कुणी बस म्हटलं नाही. मीही नाही.

"मन्हा जीव घाबरस, भाऊ," माय म्हणाली.

डॉक्टर हसले. "नीट मराठीत सांग की." नर्सही हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईनं मीच म्हणाले, "सर, ती घाबरली आहे."

आमच्याकडे जीव घाबरस म्हणजे भीती नव्हे हो! छाती आवळते, श्वास पुरत नाही, आता प्राण जातो की काय असं होतं, त्याला म्हणतात. मला माहीत नव्हतं? याच बोलीत वाढले मी. पण त्या खोलीत मला मायची मुलगी दिसायचं नव्हतं.

चिठ्ठीवर लिहिलं, अँग्झायटी. म्हणजे उगाचची धास्ती. ईसीजी, हृदयाचा आलेख, पाच मिनिटांचं काम. तो काढलाच नाही. झोपेच्या गोळ्या दिल्या. घरी माय तेच सांगत राहिली आणि मी मेली "घाबरू नकोस गं" म्हणत राहिले. पायांवर सूज चढली, आडवं होता येईना, तेव्हा जळगाव गाठलं.

नंतर धुळ्याच्या डॉक्टरांना जाब विचारायला गेले. ते शांतपणे म्हणाले, "तुम्हीच तर सांगितलंत, मॅडम." मला मात्र "तुम्ही"!

तुमचं माणूस गावाकडून आलं, तर त्याचं दुखणं त्याच्याच शब्दांत सांगू द्या. कुणी हसलं तर हसू दे. अर्थ कळल्याशिवाय तिथून उठू नका.

जळगावच्या डॉक्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. माय वाचली. आता दोन खोल्या ओलांडल्या तरी तिला धाप लागते. परवा तपासणीला नेलं. डॉक्टर मूळचे धरणगावचे, आमचीच बोली बोलणारे. त्यांनी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, मग विचारलं, "माय, आते जीव घाबरस का?"

तिला श्वास पुरत नव्हता. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग एकेक शब्द जुळवत, पुस्तकातल्या मराठीत म्हणाली,

"नाही साहेब. मी घाबरत नाही."