नवव्या प्रकरणातलं प्रेत

माझ्या सासऱ्यांचा खून मी एका मंगळवारी सकाळी, चहा पिऊन झाल्यावर केला.

(कागदावर! तरी केला तो केलाच.)

त्या काळी मी महाडच्या कोर्टात कारकून होतो आणि मुंबईच्या एका मासिकात डिटेक्टिव्ह दिनकररावांची रहस्यमाला लिहीत होतो. आठ प्रकरणं झाली होती. नवव्यासाठी मला तातडीने एक प्रेत हवं होतं, आणि नेमके तेव्हाच आमचे सासरे पोलादपूरचं दुकान पुतण्यावर सोपवून पंधरा दिवस मुक्कामाला आले. तपकीर ओढून ते असे शिंकत, की दौतीतली शाई कागदावर येई! वर विचारत, "जावईबापू, लिवताय काय? सरकारी हाय, का उगाच?"

त्या 'उगाच'वर मी त्यांना मारायचं ठरवलं. नाव तेवढं बदललं. तपकिरीची चांदीची डबी, कानांवरचे केस, पोटावर न बसणारी बंडी, सगळं तसंच ठेवलं आणि एका लठ्ठ सावकाराच्या पाठीत सुरा खुपसला. फार बरं वाटलं!

माझं अक्षर छापखान्याला लागत नसे, म्हणून प्रत्येक प्रकरणाची स्वच्छ प्रत आमची गोदा करी. हीही तिने केली. एक शब्द बोलली नाही. पाकीट स्वतःच चिकटवलं. बायको गप्प बसली तर चौकशी करावी, एवढं दिनकररावांनाही कळलं असतं. मला कळलं नाही.

महिन्याने अंक आला. पोस्टाच्या पायरीवरच उघडला. पहिलं पान माझंच होतं. दुसऱ्या पानावर दिनकरराव प्रेतावर वाकले आणि प्रेत शिंकलं!

मी घाईघाईने पुढचं वाचलं. सुरा म्हणे बंडीच्या अस्तरात अडकला होता! उठून बसलेल्या प्रेताने मारेकरीही स्वतःच सांगितला: तालुक्याच्या कोर्टातला एक किडकिडीत कारकून, डावा डोळा चकणा, कोटाच्या कोपराला ठिगळ आणि झोपेत दात खाणारा!

कोर्टात पोचलो तर शिरस्तेदारांच्या हातात तोच अंक. त्यांनी माझं कोपर पाहिलं. मग डोळा पाहिला.

"काय हो," ते गंभीरपणे म्हणाले, "झोपेत दातही खाता का?"

बिरवाडीहून साक्षीला आलेला एक म्हातारा माझ्यापासून हातभर लांब सरकला. मी तसाच घरी धावलो.

"गोदे! हे काय केलंस?"

"नकलेत चूक झाली," ती तांदूळ निवडत म्हणाली.

"चूक? मेलेला माणूस उठून बसेपर्यंत चूक?"

तिने सूप खाली ठेवलं. "अहो, माझ्या बाबांच्या पाठीत सुरा घालताना तुमचा हात जरासुद्धा थरथरला नाही? आई गेल्यावर त्यांनी एकट्यांनी वाढवलं मला. पहिलं पान उतरवलं नि पुढचं दिसेनासं झालं. त्यांना मी माझ्या हाताने कशी मारू?"

खरं सांगतो, तेव्हा मला माझीच लाज वाटली. तेवढ्यात सर्व्हिस मोटारीने आलेले सासरे दारात उभे! एका हातात अंक, दुसऱ्यात पेढे.

"जावईबापू! अख्ख्या पोलादपुरात वाचून दाखवलं मी! काय तो म्हातारा, वाघ हाय वाघ! थोडा माझ्यावानी वाटतो, नाय?"

"अगदी तुमच्यासारखाच," मी पुटपुटलो.

"आन् तो कारकून? गावला ना कुठं, तर हाडं मोडीन मेल्याची!" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीत प्रेमाने एक थाप घातली. मला ती तीन दिवस आठवत होती.

आठवड्याने संपादकांचं पत्र आलं: 'नववं प्रकरण आजवरचं सर्वोत्तम! याच हाताने लिहीत राहा.' मी पत्र मुकाट्याने त्या हातात दिलं.

मालिका पुढे तीन वर्षं चालली. वर नाव माझं, आत लेखणी गोदेची. कारकून मात्र कायम तुरुंगात! त्याच्या सुटकेसाठी मी गोदेपुढे दोनदा हात जोडले. दोन्ही वेळा तिने डिटेक्टिव्ह दिनकररावांचा अभिप्राय घेतला आणि माझा अर्ज फेटाळला!