एका नंबरावर दोन जावा

२५ मार्च. हातातलं काम: दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असलेल्या पेशंटच्या फायली तपासून ऑपरेशन थिएटरला पाठवणं.

मी मुलुंडच्या एका खासगी हॉस्पिटलात मेडिकल रेकॉर्ड्स विभाग सांभाळते. लोकांना वाटतं आम्ही गोदामात बसून फायलींवरची धूळ झटकतो. फायली आता बहुतेक कॉम्प्युटरवर आहेत. एका माणसाची माहिती त्याच माणसाच्या नावावर राहील हे बघणं, एवढंच आमचं काम. ते सोपं असतं तर मला पगार मिळाला नसता.

ब्लड बँकेतून फर्नांडिसचा फोन आला.

"मॅडम, उद्याच्या परबबाई. गर्भाशय काढायचंय त्या. तुमची सिस्टिम बी पॉझिटिव्ह सांगते, मला ओ पॉझिटिव्ह मिळतोय."

"सँपल बदललं असेल."

"म्हणून परत घेतलं. मी स्वतः वॉर्डात जाऊन घेतलं. ओच आहे."

"मग आमच्याकडे बी कुठून आला?"

"ते तुम्ही शोधा ना. रक्तगट काय साडीसारखा बदलत नाही."

मी सुलभा परब यांची फाईल उघडली. वय शेहेचाळीस, राहणार भांडुप. दिवाळीनंतर आमच्या महिला तपासणी कॅम्पला आल्या होत्या. अंगावरून जास्त जातं अशी तक्रार, म्हणून गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला घेतलेला. रिपोर्ट कॅन्सरचा. फाईलमध्ये तसाच दुसरा एक रिपोर्ट होता, त्याच आठवड्यातला, पूर्ण नॉर्मल. आणि एक बारीक निळी खूण होती. ती खूण म्हणजे मर्ज.

हे जरा समजावून सांगते. हॉस्पिटलात प्रत्येक पेशंटला एक कायमचा नंबर मिळतो, यूएचआयडी. तुमचं रक्त, एक्स-रे, औषधं, सगळं त्या नंबराला बांधलेलं. एकाच माणसाला चुकून दोन नंबर मिळाले की त्याची अर्धी माहिती एकीकडे आणि अर्धी दुसरीकडे. त्याला डुप्लिकेट म्हणतात. दोन नंबर जोडून एक केले की झालं मर्ज.

आपल्याकडे डुप्लिकेट सगळ्यात जास्त बायकांच्या फायलींत. लग्नात आडनाव बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, काही घरांत तर मुलीचं पाळण्यातलं नावच बदलून टाकतात. माहेरची वैशाली सासरी सानिका होते. आधार कार्ड एका नावाचं, हाक दुसऱ्या नावाची. म्हणून हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स कमिटीने सिस्टिममध्ये एक नियम घालायला लावला होता: पेशंट स्त्री असेल, आणि मोबाईल, पत्ता, जन्मतारीख तिन्ही जुळत असतील, तर नाव वेगळं असलं तरी बाई एकच समजायची. त्या नियमाने पुष्कळ खऱ्या डुप्लिकेट सापडल्या. कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

निळ्या खुणेवर क्लिक केलं. आतमध्ये दुसरं नाव होतं: मनीषा परब. तोच मोबाईल, तोच पत्ता, तीच जन्मतारीख. कॅम्पमधला बी पॉझिटिव्ह तिच्या नावावरचा.

मी पॅथॉलॉजीला विचारलं. तिथे तुकड्याच्या प्रत्येक बाटलीला लॅबचा वेगळा नंबर असतो. आमच्या मर्जचा हात तिथपर्यंत पोचत नाही. त्यांनी नंबर वाचून दाखवले. कॅन्सरची बाटली मनीषाची होती.

सुलभाबाईंना काहीही झालेलं नव्हतं.

मी थेट डॉ. नाडकर्णींच्या केबिनमध्ये गेले. ऑपरेशन त्याच करणार होत्या. कॅम्पमधले तुकडे दुसऱ्या डॉक्टरांनी घेतले होते, त्यामुळे फाईलमध्ये दोन रिपोर्ट बघून त्यांना वाटलं होतं की तुकडा दोनदा घेतला. एकदा आजार निसटला, एकदा सापडला. पुढे एमआरआयमध्ये काही दिसलं नाही, तर लवकर पकडलंय म्हणून सगळे खूश. रिपोर्टला लावलेला आजाराचा कोड समरीत गेला, इन्शुरन्सकडे गेला. डेटा स्टँडर्डचं काम हेच की इथे लिहिलेलं तिथे जसंच्या तसं वाचता यावं. चुकीचंही जसंच्या तसंच जातं.

"मी त्यांना डिसेंबरमध्येच ऑपरेशन सांगितलं होतं," डॉ. नाडकर्णी म्हणाल्या. "त्याच ऐकेनात. मुलीची दहावी होऊ दे म्हणाल्या."

दोघी ॲडमिन हेड देसाईंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं.

"ऑपरेशन पुढे ढकला. ब्लड मिळत नाही म्हणून सांगा. त्या दुसऱ्या बाईंना कॅम्पचा फॉलो-अप म्हणून बोलवा, परत तुकडा घ्या. नवीन रिपोर्ट निघेल. विषय संपला."

"नवीन रिपोर्टवर आजची तारीख येईल, सर," मी म्हटलं. "मधले महिने?"

"तुम्ही रेकॉर्ड्स बघा. लीगल मी बघतो."

"रेकॉर्ड्सचंच सांगते. दोन फायली परत वेगळ्या केल्या की कोणी केल्या, कधी केल्या, का केल्या, याची नोंद पडते. ऑडिट ट्रेल. ती मला पुसता येत नाही, तुम्हालाही नाही. आपण एक सांगणार आणि फाईल दुसरं सांगणार."

"हॉस्पिटलची वाट लागेल, कळतंय का?"

"त्या बाईची लागलीय," डॉ. नाडकर्णी उठत म्हणाल्या. "मी वॉर्डात चालले. तुम्ही पण चला, मॅडम. आता ओळख नीट पटवूनच बोलू."

ओळख पटवण्याचा नियम असा की नाव आपण सांगायचं नाही, पेशंटकडून वदवायचं. सुलभाबाई पलंगावर बसल्या होत्या. शेजारी स्टुलावर एक बाई मोसंबी सोलत होती.

"पूर्ण नाव सांगा."

"सुलभा सुरेश परब. किती वेळा सांगू? सकाळपासून तिसऱ्या आलात तुम्ही."

"जन्मतारीख?"

"एक जून."

स्टुलावरची बाई हसली. "माझी पण एक जूनच, मॅडम. शाळेत घालताना मास्तर हीच टाकायचे. आमचा अर्धा गाव एक जूनचा. वैनीचं आणि माझं तर साल पण एक."

"तुम्ही?"

"मी जाऊ हिची. मनीषा."

"मोबाईल नंबर?"

"भावोजींचा. आम्ही सगळीकडे तोच देतो. बायकांचे फोन काय, पोरांच्या हातात असतात."

"कॅम्पचा तुमचा रिपोर्ट आला होता का?"

"नाही. हिचाच मेसेज आला. म्हटलं, माझं काही आलं नाही म्हणजे चांगलंच असेल."

डॉ. नाडकर्णींनी पडदा ओढला आणि दोघींच्या फायली एक झाल्याचं आधी सुलभाबाईंना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "मला नाही?" दोनदा उत्तर मिळालं. मग त्या जावेकडे वळल्या.

मनीषाबाईंनी मोसंबीची फोड बशीत ठेवली.

"मला आहे?"

"हो."

"तू बस गो," सुलभाबाई पलंगावर सरकत म्हणाल्या. "इथे बस. दहावी होऊ दे असं मी म्हटलं. मी म्हटलं, डॉक्टर."

"तुला काय ठाऊक, वैनी." मनीषाबाई बसल्या नाहीत. "मग मी उद्या ॲडमिट व्हायचं का? नाही म्हणजे, घरात सगळ्यांचे डबे मी करते. कोणाला तरी सांगायला लागेल."

कोणी ओरडलं नाही. देसाई दोन दिवस पोलीस येतील या भीतीत होते. संध्याकाळी घरचे पुरुष आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि ऑपरेशन कधी एवढंच विचारलं. मला ओरडलेलं चाललं असतं.

तपासण्यांत कळलं की आजार गर्भाशयाबाहेर, लिम्फच्या गाठींपर्यंत पोचला होता. ऑपरेशन झालं, केमो झाली. पुढच्या वर्षी मनीषाबाई गेल्या. दिवाळीनंतर लगेच कळलं असतं तर वाचल्या असत्या का, हे मी डॉ. नाडकर्णींना एकदा विचारलं. "चान्स चांगला होता," त्या म्हणाल्या. परत विचारलं नाही.

नव्या मुलांना शिकवताना मी आता एवढंच सांगते: एका पेशंटच्या दोन फायली राहिल्या तर आपल्याला काम वाढतं, म्हणून आपण जोडायची घाई करतो. दोन पेशंटची एक फाईल झाली तर आपल्याला काहीच जाणवत नाही. उलट आकडे छान दिसतात.

२६ मार्चला सकाळी मी लवकर गेले होते. सिस्टिमवाल्यांकडून तो नियम बंद करून घेतला आणि त्याने जोडलेल्या सगळ्या बायकांची नावं काढली. मग प्रत्येक नंबरामागे खरंच एकच बाई आहे का हे विचारायला फोन घेऊन बसले. पहिला नंबर एका गृहस्थांनी उचलला.

"काय काम आहे? मला सांगा, मी सांगतो तिला."

"त्यांनाच द्या," मी म्हटलं.

"ती कामात आहे."

"थांबते मी."

बराच वेळ मागून भांड्यांचा आवाज येत राहिला. मी फोन ठेवला नाही.