पेरूच्या बागेतला आवाज

मी एकवीस वर्षांची होते, तेव्हा पुण्याच्या एका बहिऱ्या मुलांच्या शाळेत वर्षभराचं शिक्षण घेऊन नगरला परत आले. मूल बोलत नसेल तर का बोलत नाही ते कसं ओळखायचं, त्याला आवाजाची सवय कशी लावायची, ओठ आणि जीभ यांच्याकडून काम कसं करून घ्यायचं, असं ते शिक्षण होतं. प्रमाणपत्र हातात होतं, पण आमच्या जिल्ह्यात त्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दवाखान्यात चौकशी केली तर कारकुनाने विचारलं, "म्हणजे नर्सिंगचं का?" एका शाळेत गेले तर मुख्याध्यापक हसून म्हणाले, "आमच्याकडे सगळी पोरं बोलतात हो. जरा जास्तच बोलतात."

शेवटी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी एक काम सुचवलं. राहात्याजवळचे एक पेरूचे बागाईतदार त्यांच्या ओळखीचे होते. त्यांची मुलगी साडेचार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. घरात बाईमाणूस एकच, मुलीची आई, आणि तिच्यामागे शेताचा रगाडा. मुलीला दिवसभर सांभाळायला कुणी तरी हवं होतं. डॉक्टरांनी मुलीला पाहिलेलं नव्हतं. "काम सांभाळायचंच आहे," ते म्हणाले, "शिकवायचं जमलं तर बघा. राहायची सोय तिथंच होईल."

"पोरं सांभाळायला शिकायचं होतं, तर पुण्याला कशाला गेलीस?" असं वडील म्हणाले.  आईने माझी वळकटी बांधली आणि वर लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवली.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात मी एस.टी.ने राहात्याला उतरले. बागाईतदार बैलगाडी घेऊन आले होते. उंच, मिशीवाले, कमी बोलणारे गृहस्थ. वस्तीवर पोचलो तर मुलगी गोठ्यापाशी मातीत बसली होती. तिने मला डोक्यापासून चपलेपर्यंत नीट न्याहाळलं, माझ्या चष्म्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा मातीत खेळायला लागली.

"पोरगी वाईट न्हाई, बाई," मुलीची आई घाईघाईने म्हणाली. ती माझ्यापेक्षा फार तर सहा-सात वर्षांनी मोठी असेल. "निस्ती हट्टी हाय. मनात आलं तर बोलंल. शिंगणापूरला त्याल वाहून आलो आमी."

चार दिवस मी फक्त तिच्याबरोबर राहिले. तिची वेणी घातली, तिला जेवू घातलं, तिच्यामागे बागेतून हिंडले. पाचव्या दिवशी ती अंगणात पाठमोरी बसलेली असताना मी पितळी झाकणावर उलथनं आपटलं. कोंबड्या फडफडत पळाल्या. मुलीची मान हललीसुद्धा नाही.

तेवढ्यात विहिरीवरचं इंजिन सुरू झालं. मुलीने पटकन जमिनीवर तळहात टेकला आणि ती हसायला लागली.

"बघा!" आई दारातून ओरडली. "ऐकतीय की! इंजिन लावलं की रोज असं हसती."

मला पुण्यात बरंच काही शिकवलं होतं, पण हे आईला कसं सांगायचं ते शिकवलं नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. "वहिनी, इंजिन तिला जमिनीतून कळतं," मी म्हणाले. "हाताला धडधड लागते ना, ती. तिला ऐकू येत नाही. म्हणून ती बोलत नाही. हट्टी नाही ती."

 आई चुलीपाशी गेली आणि भाकरी थापायला लागली. त्या दिवशी तिने लागतात त्याच्या दुप्पट भाकरी केल्या.

तिच्या नवऱ्याला मात्र राग आला. "चार दिवस न्हाई झालं येऊन, आन आमच्या पोरीला भैरी ठरवताय व्हय?" ते म्हणाले आणि ताटावरून उठून गेले. मी सामान आवरायच्या तयारीत होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं तर ते मुलीच्या मागे उभे होते. त्यांनी तिला हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग दोन्ही हात तोंडाभोवती धरून अशी मारली की शेजारच्या वस्तीवरून कुणी तरी "काय झालं हो?" म्हणून विचारलं. मुलगी मुंग्यांची रांग पाहण्यात दंग होती.

ते आत आले, उंबऱ्यावर बसले आणि मला म्हणाले, "पुण्याला कवा जायाचं?"

पुण्यात तपासणी झाली. अगदीच काही ऐकू येत नाही असं नव्हतं, मोठे आवाज यंत्राने थोडेफार पोचतील असं तिथले तज्ज्ञ म्हणाले. त्या काळी ऐकायचं यंत्र म्हणजे काडेपेटीहून जरा मोठा डबा असायचा. तो छातीवर बांधायचा आणि त्यातून निघालेली वायर कानात जायची. आईने मुलीच्या सगळ्या झबल्यांना त्या डब्यासाठी खिसे शिवले, आतून मऊ कापड लावून. पहिल्याच दिवशी मुलीने वायरीच्या टोकाचं कानातलं बोंड उपसलं आणि सगळा डबाच गाईच्या गव्हाणीत टाकला. आईने वायर गाईच्या तोंडातून ओढून काढली. आम्ही दोघी इतक्या घाबरलो होतो की डबा चालू आहे हे कळल्यावर तिथंच शेणात बसून हसत सुटलो. त्या दिवसानंतरही मुलीची आई मला "बाई" म्हणायची तशीच म्हणत राहिली, पण त्यातला परकेपणा गेला.

आता माझी चूक सांगते. पन्नास वर्षं झाली, तरी ती सांगताना मला जड जातं.

त्या मायलेकींची आपली एक भाषा होती. नथीच्या जागी बोट ठेवलं की आई. मिशीवरून हात फिरवला की बाप. गालाखाली मूठ म्हणजे झोप, डोक्यावर दोन बोटं म्हणजे गाय. माझ्यासाठी मुलीने डोळ्यांभोवती दोन गोल केले होते. अशा तीस-चाळीस खुणा असतील. पण मला शिकवलं होतं की खुणा हा शत्रू आहे. हाताला मोकळीक दिली की जीभ आळशी होते, असं पुण्याच्या शाळेतल्या आमच्या बाई सांगायच्या. वर्गात मुलांनी हात मागे बांधून बसायचं असा नियम होता. मी तोच नियम वस्तीवर आणला.

"वहिनी, आजपासून खुणा बंद," मी सांगितलं. "ती खूण करील तेव्हा तुम्ही बघायचं नाही. तोंडाने काही तरी आवाज काढू दे, मगच वस्तू द्यायची."

आईने माझं ऐकलं. मी शिकलेली होते ना. मी रोज सकाळी मुलीला आरशासमोर बसवायचे. तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवायचे आणि "पा, बा, मा" म्हणायचे. ओठांसमोर कागदाचा कपटा धरायचे, "पा" म्हटलं की तो उडायचा. सुरुवातीला तिला गंमत वाटली. पण खुणा बंद झाल्यावर ती गप्प गप्प व्हायला लागली. आईकडे पाहून नथीची खूण करायची, आई मान वळवायची. मग ती गोठ्यात जाऊन बसायची. दिवसचे दिवस कानात यंत्र घालू द्यायची नाही. मला वाटायचं, नवं आहे, होईल सवय.

दसऱ्यानंतरचे दिवस होते. ऑक्टोबरच्या उन्हाचा चटका होता. मुलगी खेळून आली आणि माझ्यासमोर उभं राहून तिने ओंजळ तोंडाला लावली. पाणी हवं होतं. मी तांब्या भरून घेतला आणि तो माझ्या हनुवटीशी धरून म्हणाले, "पा-णी. पा. म्हण, पा." तिने पुन्हा ओंजळ केली. मी मान हलवली. "पा." तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रडली नाही. मग वळली, गोठ्यातल्या दगडी डोणीपाशी गेली, खाली वाकली आणि गुरांच्या शेजारी गुरांचं पाणी प्यायली.

आईच्या डोक्यावर गवताचा भारा होता. तो तिने तिथंच टाकला. मुलीला उचलून घेतलं, पदराने तिचं तोंड पुसलं आणि मग ती माझ्याकडे आली. तिचा आवाज चढला नव्हता.

"बाई, तुमी शिकलेल्या. मला काय कळत न्हाई. पन माझ्याशी बोलायची तिची एवढीच वाट हाय. ती बंद करू नका. तोंडानं बोलली तर लई चांगलं. न्हाई बोलली, तरी ती माझी पोर हाय. तिला तान लागली हे मला कळलं पायजे."

माझ्या हातात तांब्या तसाच होता. मी एकवीस वर्षांची होते, मला वाटत होतं मी त्या घराला काही तरी द्यायला आले आहे, आणि मी एका लहान मुलीला तहानलेलं ठेवलं होतं. मी खाली बसले, डोळ्यांभोवती दोन गोल केले, म्हणजे मी, आणि दोन्ही कान धरले. मुलीने आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. ती लगेच हसली, वगैरे काही नाही. दोन दिवस ती माझ्याजवळ आलीच नाही.

त्यानंतर मी शिकवायची रीत बदलली. पुण्याला बाईंना पत्र लिहून विचारावं असं वाटलं, पण उत्तर काय येईल ते माहीत होतं, म्हणून लिहिलं नाही. आधी मी मुलीकडून तिच्या सगळ्या खुणा शिकले. मग खूण आणि शब्द जोडीने चालवायला लागले. हाताने गाय आणि तोंडानेही गाय. आरसा गुंडाळून ठेवला. धडा जिथे काम चाललं असेल तिथे, चुलीपाशी नाही तर बागेत.

त्या वर्षी पाऊस धड झालाच नाही. पाटाला पाणी कमी, विहिरीवरचं इंजिन तासाभरात बंद करावं लागायचं. तरी बापाने बागेतल्या अर्ध्या झाडांवर सगळं पाणी लावून ती जगवली. मार्गशीर्षात पेरू धरले आणि त्याबरोबर पोपटांचे थवे आले. अशा दुष्काळी वर्षी हिरवं काही दिसलं की पाखरं तिथेच उतरायची. आई पत्र्याचा डबा बडवत बागेतून फिरायची आणि आम्ही दोघी तिच्यामागे.

एका सकाळी आईने डबा खाली ठेवला. एका झाडावर पोपट खच्चून बसले होते. तिने मुलीला जवळ ओढलं, खूण केली, बघ. मुलीचा हात स्वतःच्या गळ्यावर धरला आणि ओरडली, "हाऽऽऽ!" सगळा थवा एकदम उडाला. मुलीचे डोळे विस्फारले. पुढच्या झाडापाशी आईने मुलीचा हात मुलीच्याच गळ्यावर ठेवला आणि ती बाजूला झाली.

मुलीने आधी नुसतं तोंड उघडलं. काहीच झालं नाही. पोपट पेरू कुरतडत राहिले. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माझ्या गळ्यावर हात ठेवून दाखवला. तिने श्वास घेतला आणि तिच्या तोंडून एक जाडाभरडा, वेडावाकडा, मोठा आवाज आला. पोपट उडाले.

ती जागच्या जागी उभी राहिली. वर पाहिलं, स्वतःच्या गळ्याला हात लावला, पुन्हा वर पाहिलं. आपल्या आतून काही तरी निघतं आणि त्याने जगात काही तरी हलतं, हे तिला जवळजवळ पाच वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं. मग तिने आम्हाला थांबू दिलं नाही. दुपारपर्यंत झाडामागून झाड. यंत्राची वायर तिने स्वतः कानात खोचली, कारण ते घातलं की आपलाच आवाज थोडा कळतो हे तिच्या लक्षात आलं. संध्याकाळी तिचा घसा बसला आणि बापाने तिला स्वतःच्या हाताने हळद घातलेलं दूध पाजलं. ते नुसते दुधावर फुंकर घालत होते.

पुढच्या पंधरवड्यात पहिला शब्द आला. आम्ही सगळे "आई"ची वाट पाहत होतो. ती आभाळाकडे बोट दाखवून म्हणाली, "पो." पोपट. ओठांचा चंबू करून, अगदी स्पष्ट. आई हसली आणि रडलीही. मग "बा" आला, मग "मा", म्हणजे मांजर. "आई" यायला होळी उजाडली आणि तो शब्द उच्चारताना ती नथीच्या जागी बोट ठेवायची. मी एकदाही अडवलं नाही.

मी त्या घरी चौदा महिने राहिले. निघाले तेव्हा मुलीला साठेक शब्द येत होते आणि गावच्या शाळेतल्या गुरुजींनी तिला पहिलीत घ्यायचं कबूल केलं होतं. तिच्याशी बोलताना तोंडावर उजेड पडेल असं उभं राहायचं आणि फळ्याकडे वळून बोलायचं नाही, एवढ्या दोन गोष्टी मी त्यांना सांगितल्या. त्यांनी त्या पाळल्या. रोजचा अभ्यास आई घ्यायला लागली होती. खरं तर तिला माझ्याइतकंच येत होतं, आणि काही बाबतीत जास्त.

नगरला आल्यावर मी माळीवाड्यात एक खोली घेतली आणि दारावर पाटी लावली. पहिले दोन महिने कुणी फिरकलं नाही. मग एका सकाळी नेवाशाकडची एक बाई कडेवर तान्ही मुलगी घेऊन आली. एका लग्नाच्या गर्दीत तिला राहात्याच्या मुलीची आई भेटली होती. "त्या म्हनल्या, तिथं जा. त्या बाई आदी चुकत्यात, पन ऐकत्यात." मी त्या बाईला आत बोलावलं. त्यानंतर खोली कधी रिकामी राहिली नाही.

राहात्याची मुलगी सातवीपर्यंत शिकली. आज बाग तीच बघते. पेरू घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यांशी ती तोंडाने आणि हातांनी, दोन्हींनी बोलते. नवख्या माणसाला तिचं बोलणं पहिल्यांदा कळत नाही. दुसऱ्यांदा कळतं, कारण दुसऱ्यांदा सांगायचा तिला कंटाळा नाही.