लाल बोट लागलेला पास

त्या दिवशी दंडाच्या ऑफिसात आम्ही पाच जण होतो. मी सुमन जाधव, ट्राम झाडणारी. माझ्याबरोबर काम करणारी मिरेला, रोमानियाची. आपल्या सांगलीची रुचा, इथं पीएचडी करते, ती माझ्या बाजूनं जर्मन बोलायला आलेली. टेबलापलीकडं फ्राउ केसलर, ऑफिसच्या मुख्य बाई. आणि आम्हाला पकडणारा तिकीट चेकर, हेर ब्रांट. इथं बाईला फ्राउ म्हणतात, बाप्याला हेर. तो खिडकीपाशी उभाच होता.

टेबलावर माझा महिन्याचा पास. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, पोलीस सुरा ठेवतात तसा.

फ्राउ केसलरनी त्यावर बोट ठेवलं. "हे लाल काय आहे?"

रुचा हळूच मराठीत म्हणाली, "आजी, रस्सा सांडला असं सांगते. तुम्ही नुसती मान हलवा."

मी मान हलवली नाही. का ते पहिल्यापासून सांगते.

शहराचं नाव घेत नाही, अजून पगार तिथूनच येतो. माझी शाळा चौथीपर्यंत. तरुणपणी जर्मनीत बॉनला एका साहेबांच्या घरी स्वयंपाकाला आले. साहेब भारतात परत गेले, मी इकडंच राहिले, पुढं या शहरात आले. आता पेन्शन आहे पण ती पुरत नाही, म्हणून दुपारची ड्युटी करते. ट्राम शेवटच्या स्टॉपला आली की परत सुटायच्या आत आम्ही आत शिरतो. कागद, बाटल्या, कुणी ओकलेलं असेल तर ते. सगळं काढून दार लागायच्या आत बाहेर.

लोकांना वाटतं मला ट्राम फुकट असेल. तसं नाही. फुकट असते ती कंपनीच्या माणसांना. आम्ही ठेकेदाराची माणसं. दिवसभर ट्राम झाडायची आणि घरी जायला तिकीट काढायचं.

कमी पगारवाल्यांना झोत्सिआलटिकेट मिळतं, म्हंजे स्वस्त पास. ज्याचं त्याचं फोटोचं कार्ड असतं, त्यावर नंबर. दर महिन्याला खिडकीवरून कागदी पास घ्यायचा आणि कार्डावरचा नंबर त्यावर पेननं आपणच लिहायचा. नंबर वाचता आला नाही तर पास बाद. लोक नंबर खोडून पास एकमेकांना देतात, म्हणून नियम कडक.

आता माझी सवय. घरात नवी वस्तू आली की आधी देवापुढं. माझे देव फ्रिजवरच्या फळीवर आहेत. वस्तू ठेवायची, कुंकवाचं बोट लावायचं, मग वापरायला काढायची. मिक्सर असो की चप्पल. पासाला तर दर महिन्याला कोपऱ्यात बोट लागायचंच. त्या महिन्यात हात ओला होता. बोट नंबरावर गेलं आणि कुंकू पसरलं. माझ्या लक्षात आलं नाही.

आम्ही ड्युटीला जाताना ट्राममध्ये हेर ब्रांट आला. पास उजेडात धरून बघितला. म्हणाला, नंबर दिसत नाही. मला वाटलं पुसलं की दिसेल. रुमालाला थुंकी लावली आणि घासलं. तिथं माझं चुकलं. कुंकवाबरोबर शाईपण गेली.

तो म्हणाला, "आता तर तुम्ही माझ्यासमोर नंबर खोडलात."

शेजारी मिरेला. तिच्याकडं पासच नव्हता. स्वस्त पासाला जॉबसेंटरचा, म्हंजे सरकारी कामधंद्याच्या ऑफिसचा, कागद लागतो, तो तिकडं अडकलेला. काम तर चुकवता येत नाही, म्हणून ती तशीच बसायची. आधी दोनदा सापडली होती.

आम्हाला पुढच्या स्टॉपला उतरवलं. ट्रामभर माणसं होती, सगळी मोबाईल बघायला लागली. मी "देवा रे" म्हणाले तेवढं एका मुलीनं ऐकलं. ती आमच्या मागं उतरली. ओळख ना पाळख. तीच ही रुचा. ब्रांटनं पास ठेवून घेतला आणि ऑफिसात यायची तारीख दिली.

दंड साठ युरो. डॉक्टरला साठ, झाडूवालीलापण साठ. पण मला साठाचं भ्या नव्हतं. ब्रांटनं माझ्या कागदावर 'खोटा पास केल्याचा संशय' लिहिलं होतं. ते पोलिसात जातं. आमचा मुकादम पोलिसाचा दाखला मागतो. त्यावर डाग आला की डेपोचं फाटक बंद. या वयात दुसरा कोण झाडू हातात देणार. मिरेलाची तिसरी वेळ म्हणून तिचीपण तक्रार जाणार होती, तिलापण तोच दाखला लागतो.

रुचानं नियम वाचून ठेवले होते. चुकून खराब झालेला पास थोडी फी भरून मिटतो. मुद्दाम काही लावलं असेल तर खोटेपणा. म्हणून तिचा तो रस्सा.

त्या टेबलापाशी मी तिला म्हटलं, "देवाचं कुंकू आहे. त्याला रस्सा म्हणू नकोस."

"आजी, नोकरी जाईल."

"जाऊ दे. आहे ते सांग."

तिनं सांगितलं. सांगताना तिचे कान लाल झाले. फ्राउ केसलरनी पेन उचललं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आल्झो, म्हंजे मुद्दाम लावलं?"

"या," मी म्हटलं. जर्मनमध्ये या म्हंजे हो.

त्या लिहायला लागल्या. मिरेलानं टेबलाखाली माझा हात धरला.

तेवढ्यात ब्रांटनं विचारलं, अजून कशाकशाला लावता. मी सांगितलं, बादलीला लावते, घासायच्या मशीनला लावते. आमच्यात खंडेनवमी असते. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची. म्हणून ट्रामलापण लावते, बारीक, कुणाला दिसू नये असं.

तो खिडकी सोडून टेबलाजवळ आला. "ड्रायव्हरच्या दाराखाली? बिजागरीपाशी?"

"गेनाऊ," मी म्हटलं. अगदी तिथंच.

तो खुर्चीत बसला. चेकर व्हायच्या आधी तो ट्राम चालवायचा, पाठ गेली म्हणून इकडं आला. म्हणाला, ते लाल टिंब आम्ही वर्कशॉपची खूण समजायचो, गाडी तपासली म्हणून. एकदा टिंब नाही म्हणून त्यानं गाडी बाहेर काढली नव्हती, वर्कशॉपवाल्यांशी भांडला होता. रुचाला हसू आवरेना. फ्राउ केसलर हसल्या नाहीत, पण त्यांनी पेनाला टोपण लावलं.

माझी संशयाची ओळ खोडली. घरी पास विसरलेल्याला सात युरो पडतात, तेवढेच मला लावले. मग त्यांनी मिरेलाचा कागद ओढला. साठ युरो, तक्रार पुढं.

मी विचारलं, हिचं का नाही? तीपण माझ्यासारखीच झाडते.

"फ्राउ जाधव, तिच्याकडं पास नव्हता."

"कागद सरकारच्या टेबलावर अडकलाय."

"ते टेबल माझं नाही."

"मग माझेपण साठ लिहा."

रुचा हे जर्मनमध्ये सांगेना. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. मिरेलानं मला लाथ मारली. "ओमा, वेडी झालीस का?" ओमा म्हंजे आजी.

फ्राउ केसलरनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. माझे सात सातच ठेवले. मिरेलाचे साठ कमी केले नाहीत, हप्ते करून दिले. पण जॉबसेंटरचा कागद येईपर्यंत तक्रार धाडणार नाही असं लिहून सही केली. ब्रांटनंपण खाली सही केली, ती कुणी मागितली नव्हती.

कागद आला. तक्रार गेली नाही. मिरेला अजून माझ्याबरोबरच झाडते. पुढं हिवाळा सरल्यावर ऑफिसनं तसा नियमच केला. ज्याचा कागद अडकलाय त्याला आधी बोलावून विचारतात, मगच तक्रारीचं बघतात. ब्रांट म्हणतो मी वर सांगितलं, फ्राउ केसलर म्हणतात मी. कुणी का सांगेना. साठाचे साठच आहेत अजून.

मी सुटले ते ब्रांटला माझं टिंब ओळखीचं निघालं म्हणून. मिरेलाचं टिंब कुठंच नव्हतं. ओळखीवर सुटण्याला न्याय म्हणायचं नसतं, एवढं चौथीवालीलापण कळतं. पासाला मी अजून बोट लावते, आता मागच्या बाजूला.

वाचणाऱ्यांना एकच सांगणं आहे. ट्राममध्ये चेकरनं कुणाला उतरवलं तर तुम्हीपण त्या स्टॉपला उतरा. भांडू नका, नुसतं शेजारी उभं राहा. तुमची पुढची ट्राम येतेच.